महामार्गावरच्या खाकीचं गाऱ्हाणं कोण मांडणार?

गाळप हंगामात गंगाखेडहून परभणीकडे रात्री निघालात, तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशी ट्रॉली बाजूला घ्यायला लावणारा, अपघातात पहिल्यांदा धावणारा माणूस म्हणजे पोलीस. पण त्याच्या ड्यूटीच्या तासांबद्दल, रजेबद्दल, घराबद्दल कोण बोलणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात महामार्ग गस्तीच्या अधिकाऱ्यांची स्वतःची संघटना आहे; पगाराची बोलणी तीच करते. आपल्याकडे एसटी कामगाराला संघटना आहे, शिक्षकाला आहे. पोलिसाला मात्र 1966 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही. घटनेच्या कलम 33 नं संसदेला तसा अधिकार दिला आहे.

महाराष्ट्रात पोलिसांची संघटना झाली होती. 1982 च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. 18 ऑगस्टला संघटनेची मान्यता गेली, नेत्यांना अटक झाली, मुंबईत दंगल उसळली आणि लष्कर बोलवावं लागलं. हातात बंदूक असलेल्या दलाला संपाची मुभा नको, हे मलाही पटतं. पण संप वेगळा आणि गाऱ्हाणं वेगळं. आज हातात उरतो तो वरिष्ठांकडे अर्ज, वरिष्ठ गाऱ्हाणी ऐकतात त्या दरबारात मांडलेली अडचण आणि पोलीस कल्याण निधी.

कायद्याची ही बंदी वर्दीवर आहे, घरच्यांवर नाही. म्हणून पोलिसाची पत्नी क्वार्टरच्या गळक्या छताबद्दल, न मिळालेल्या साप्ताहिक सुट्टीबद्दल उघड बोलू शकते. तिचं निवेदन तहसील कचेरीत आलं, तर ते आस्थेनं वाचलं गेलं पाहिजे.