पदवीच्या वर्गातले संशोधन आणि आपली मुले

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



विषय जरा रुक्ष आहे, पण घराघरांतला आहे. मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी.ला आहे, पुढे काय, हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. त्याच्या उत्तराचा शोध पदवी हातात येण्याआधीच घेता येतो आणि त्यासाठी पैसेही मिळतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

दुर्गाबाई भागवतांचा जन्म आपल्या इंदूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचाही जन्म इथलाच, १९११ सालचा. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारखून पाहू, या अटीवर त्यांना घेतले गेले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. आता गंमत पाहा. त्याच रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली बंगळूरची विज्ञान अकादमी आज दिल्ली आणि प्रयागराजच्या अकादमींबरोबर कॉलेजच्या मुलामुलींना उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. तिथे कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. अर्ज करावा लागतो, आणि तोच आपल्याकडे होत नाही.

या फेलोशिपविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण साध्या कॉलेजातल्या मुलाला परवडणारी ही सर्वांत चांगली वाट आहे असे माझे मत आहे. निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो. दरमहा विद्यावेतन मिळते, जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे मिळते. प्रवेश परीक्षा नाही. गुणपत्रिका, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि आपल्याला काय करायचे आहे याचे सुमारे २५० शब्दांचे टिपण, एवढ्यावर निवड होते. हे टिपणच घात करते. दहापैकी आठ मुले ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असे लिहितात. आवड सर्वांनाच असते. बेडेकरांच्या मुलाने आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार का वाढले असा प्रश्न लिहिला, तर वाचणारा थांबतो. (बेडेकर हे नाव उदाहरणापुरते, सभेत कोणी असतील तर क्षमा असावी.) अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास घेतले जातात. आपली मुले तेव्हा फराळात असतात आणि मे महिन्यात विचारतात, सर, काही आहे का?

आणि हो, ही फेलोशिप शिक्षकांनाही मिळते. समोर बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी वाट मुंबईची. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून ‘एनआययूएस’ हा कार्यक्रम चालतो. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. पहिल्या शिबिरात शिकवतात, आणि निवडक मुलांना पुढे सुट्ट्यांमध्ये बोलावून प्रकल्पावर काम देतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच हे घडते, म्हणून मला ते मोलाचे वाटते. वैद्यकीय शाखेच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी योजना आहे. त्यात आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या हाताखाली दोन महिन्यांचे काम असते.

‘के.व्ही.पी.वाय.’बद्दल अजून विचारणा होते. ती योजना २०२२ साली ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. इन्स्पायरमध्ये बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे. त्यांतले २०,००० उन्हाळी संशोधनासाठी असतात. इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला गेल्यास ती मिळत नाही. कला आणि वाणिज्यच्या मुलांसाठी मात्र या पातळीवर सरकारचा हात आखडता आहे, हे खरे सांगितले पाहिजे. त्यांना नव्या धोरणातले चौथे वर्ष आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवले तर संशोधनासह ऑनर्स करता येते, पण त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

एक सावधगिरी. हजार-दोन हजार रुपये घेऊन घरबसल्या ‘रिसर्च इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र देणारी दुकाने फार झाली आहेत. वर मी सांगितलेल्या योजनांत विद्यार्थ्याला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा.

आता मंडळाशी थोडे भांडतो. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल, श्रीफळ, पाकीट देतो. टाळ्याही छान पडतात. पण या मुलाला खरी गरज त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पडते. फेलोशिप मिळते, पण विद्यावेतन अनेकदा काम संपता संपता हातात येते, आणि तोवर खोली, खाणावळ, प्रवास घरून करावा लागतो. वडील म्हणतात, यंदा राहू दे. मुलगी असेल तर आई म्हणते, एकटी दोन महिने कुठे राहणार? अशी मिळालेली जागा सोडलेल्या दोन मुली मी स्वतः पाहिल्या आहेत. दोघीही हुशार होत्या, आणि दोघींचीही वाट तिथेच थांबली.

म्हणून माझी सूचना अशी. सत्काराच्या रकमेतून २०,००० रुपये बाजूला काढून फिरता निधी करावा. निवड झालेल्या मुलाला बिनव्याजी उसने द्यावेत, विद्यावेतन आले की परत घ्यावेत, पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यावेत. मुलींच्या राहण्याचा प्रश्न तर आपण सहज सोडवू शकतो. पुणे, बंगळूर, हैदराबाद, बडोदे, सगळीकडे आपल्यासारखीच मराठी मंडळे आहेत. सचिवांनी तिथे एक पत्र टाकले तर मुलीला राहायला एखादे घर मिळणार नाही, असे मला वाटत नाही. तिथल्या मुली इथे येतील तेव्हा आपणही एक खोली उघडावी. राजेंद्रनगरला लागून राजा रामण्णा केंद्र आहे, इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे तिथे आहेत. त्या भिंतीपलीकडे काय चालते हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. मुलांनी टिपणाचा कच्चा मसुदा घेऊन यावे, मराठीत लिहिलेला असला तरी चालेल, इंग्रजी आपण तिथे मिळून करू. शिफारसपत्रासाठी मात्र आपल्या प्राध्यापकांना आत्ताच गाठा. शेवटच्या रात्री मागितलेले पत्र कसे असते, ते मी कित्येक लिहिलेली असल्याने चांगले जाणतो.