पाटणचा शिलालेख आणि चंद्राची वाट

चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत, पाटणादेवीचं ठिकाण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथे शके 1128चा, म्हणजे इसवी सन 1207च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याच्या खर्चाची तरतूद या लेखात कोरली आहे. ग्रहांच्या गतीचं, ग्रहणांचं गणित शिकवणारी ती खानदेशातली शाळाच होती.

तिचा भार कुणी उचलला? निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं आणि त्याच्या धाकट्या भावानं, हेमाडीनं, त्यात भर घातली. पण हे सारं एकट्या राजघराण्यावर सोडलं नव्हतं. बाजारातल्या मालावरच्या कराचं उत्पन्न मठाला लावून दिलं होतं. जितके घाणे चालतील, तितक्या पळ्या तेल मठाला द्यायचं होतं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. ही देण्याची कलमं मात्र मराठीत आहेत. ज्याच्या पदरचं जाणार, त्याला ते कशासाठी हे समजावं, हाच त्यामागचा विचार असावा असं मला वाटतं.

आजच्या अंतराळ संशोधनालाही हेच तीन आधार लागतात: राज्यकर्ते बदलले तरी टिकणारा शब्द, प्रत्येकाचा लहानसा वाटा आणि लोकांच्या भाषेतला हिशेब.

पहिला आधार आपण बऱ्यापैकी सांभाळला. चांद्रमोहिमेची घोषणा अटलबिहारी वाजपेयींनी 15 ऑगस्ट 2003 रोजी केली. चांद्रयान-1 झेपावलं 2008 साली, मनमोहन सिंगांच्या काळात. 2019मध्ये चांद्रयान-2चं ‘विक्रम’ हे अवतरणयान चंद्रावर कोसळलं, तरी काम थांबलं नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 उतरलं, तेव्हा नरेंद्र मोदी पंतप्रधान होते. याउलट अमेरिकेनं 1966च्या सुमारास सरकारी खर्चातल्या शंभर डॉलरमागे चार डॉलर नासाला दिले. चंद्रावर पोहोचण्याची शर्यत जिंकली, उत्साह ओसरला आणि डिसेंबर 1972 नंतर चंद्रावर माणसाचं पाऊल पडलं नाही.

दुसरा आधार वाट्याचा. 2024-25च्या केंद्रीय अंदाजपत्रकात शंभर रुपयांमागे अंतराळ विभागाला तीस पैसेही नव्हते. टँकरची वाट पाहणारी माउली विचारते, आधी पाणी की आधी चंद्र? तिचा प्रश्न रास्त आहे. विक्रम साराभाईंनी हा कार्यक्रम उभा केला तोच सामान्य माणसाच्या गरजांसाठी. इन्सॅट उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या चित्रांवरून वादळाची चाहूल लागते. रावेर-यावलच्या केळीबागांना आणि धुळ्याच्या कोरडवाहू पेरणीला तिचं मोल ठाऊक आहे.

उणं आहे ते तिसऱ्या आधारात, लोकांच्या भाषेतल्या हिशेबात. यान उतरलं त्या संध्याकाळी गावोगाव फटाके वाजले, पण टाळ्यांवर प्रयोगशाळा चालत नाहीत. 23 ऑगस्ट हा आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. त्या दिवशी आपल्या शाळांमधून आणि ग्रामसभांमधून हा हिशेब मराठीत, अहिराणीत मांडला जावा. तालुक्यातल्या एका तरी शाळेत दुर्बीण असावी. पाटणला मुलांच्या सहली जाव्यात. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, रस्ता-पाण्याबरोबर आपण हेही विचारावं: विज्ञानासाठी तुम्ही काय करणार? मतदार हा प्रश्न विचारत राहिले, तर कोणत्याही सरकारला ही वाट अर्ध्यावर सोडता येणार नाही.