पन्नाशीच्या उंबरठ्यावरची धडधड



विषय फलकावर वाचून पुरुष मंडळी घरीच राहतील, अशी आमची अटकळ होती. ती खोटी ठरली हे बरे झाले. कारण हा प्रश्न बाईचा तसा घराचाही आहे.

रात्री दोन वाजता जाग येते, कानशिले तापतात, घाम फुटतो आणि छातीत ढोल बडवावा तसे धडधडू लागते. काही मिनिटांत सारे ओसरते. सकाळी ती सांगू लागली, की घरचे म्हणतात, "तू काळजीच फार करतेस!" या उत्तराचा आम्हांला राग आहे.

आपल्याकडे ऋतुनिवृत्ती साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी येते. तत्पूर्वी काही वर्षे बीजकोशातील इस्ट्रोजेन हा स्राव एकसारखा न ओसरता हेलकावे खात ओसरतो. त्यामुळे मेंदूतील उष्णतेचे नियमन बिघडते, कातडीतील रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि हृदय वेग घेते. धडधडीची सारी साखळी शास्त्राला अद्याप उलगडलेली नाही. पण या वयात ती पुष्कळ बायकांना होते, आणि बहुधा निरुपद्रवी असते.

'बहुधा' हा शब्द मात्र विसरू नका. पाळी जाता जाता अतिस्राव होतो, रक्त कमी होते, आणि पांडुरोगानेही छाती धडधडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या! गळ्यातील थायरॉईड ग्रंथी अतिक्रियाशील झाली तरी हेच लक्षण. वर घाम आणि उकाडाही तसाच. तेव्हा सारे खापर वयावर फोडण्याआधी रक्त तपासावे. हृदयाचा आलेख धडधड नसताना काढला तर निर्दोष येऊ शकतो. म्हणून चोवीस तास अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र लावतात. धडधडीबरोबर घेरी आली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी नेहमी विचारले जाते. २००२ साली अमेरिकेतील एक मोठा प्रयोग धोके दिसल्याने मध्येच थांबवला गेला आणि जगभर भीती पसरली. पुढे त्याच आकड्यांची वयवार छाननी झाली, तेव्हा साठीच्या आतील स्त्रियांना धोका पुष्कळ कमी दिसला. उकाड्याचा त्रास असह्य असेल तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्याव्यात. नुसत्या धडधडीसाठी नव्हे.

तोवर चहाचे कप मोजा. धडधड होताच मनगटाची नाडी पुरे एक मिनिट मोजा, ठोके सारखे पडतात की चुकतात ते पाहा, आणि वेळेसह वहीत लिहा. ती वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.