वाढणारी पेशी आणि बरी करणारी पेशी



पारशिवनीसारख्या विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बसून मूळपेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर, काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण सिकलसेल या रक्तविकाराचं लाल (रुग्णाचं) किंवा पिवळं (वाहकाचं) कार्ड हातात घेतलं नाही असा डॉक्टर विदर्भात विरळाच. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या 'कॅसजेव्ही' या जनुक-उपचाराला मान्यता दिली आणि लाल कार्डवाल्या पोरांचे मायबाप विचारू लागले, 'आमच्याकडे केव्हा येणार?' किंमत 22 लाख डॉलर, त्यामुळे उत्तर लांबणीवर पडतं. मला मात्र त्यातला वेगळा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढून त्यांचं जनुक बदलताना सगळी घाई असते ती त्यांना कमीत कमी वेळ प्रयोगशाळेतल्या डबीत ठेवण्याची. बाहेर मुक्काम लांबला की अस्थिमज्जेत पुन्हा रुजण्याची त्यांची ताकद जाते.

पेशी वाढवणं म्हणजे सोपं काम, असा समज आहे. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी माध्यम. डबी भरत आली की ट्रिप्सिन या विकराने पेशी सुट्या करून नव्या डबीत टाकायच्या. या एका फेरीला पॅसेज म्हणतात. अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूळपेशी सुरुवातीच्या पॅसेजला सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: सडपातळ, चातीसारख्या, भोवऱ्यासारख्या रांगांत वळलेल्या. बऱ्याच पॅसेजनंतर त्याच पेशी पसरट, दाणेदार, सुस्तावलेल्या दिसतात. विभाजनाला मर्यादा असते, हे शास्त्रज्ञ हेफ्लिकने 1961 सालीच दाखवलं होतं.

म्हाताऱ्या पेशी निदान ओळखू येतात. भीती आहे ती तरतरीत दिसणाऱ्यांची. भ्रूणीय मूळपेशी न थकता वाढतात, आणि त्या गर्दीत एखादीला मरण टाळणारा बदल मिळाला की काही आठवड्यांत डबी तिच्याच वंशजांनी भरते. डबीला रुग्णाशी देणंघेणं नसतं. तिथे जी भरभर वाढेल ती टिकते. जगभरच्या 38 प्रयोगशाळांनी 2011 मध्ये 125 भ्रूणीय पेशीवंश तपासले. त्यात बंगळूरुहून संशोधक मनीषा इनामदारही होत्या. बहुतेकांची गुणसूत्रं ठीक होती, पण मुक्काम वाढला तसे बदल वाढत गेले. 20 व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा तर 20 टक्क्यांहून अधिक वंशांत वाढलेला निघाला. त्यात पेशीला मरू न देणारं बीसीएल2एल1 हे जनुक आहे. असा बारीक तुकडा नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीतून सहज निसटतो. 2017 मध्ये 140 वंशांपैकी पाचांत टीपी53 या कर्करोगरोधक जनुकातच बिघाड सापडला. जपानमध्ये 2014 साली डोळ्याच्या पडद्यासाठी प्रेरित मूळपेशींपासून (रुग्णाच्याच साध्या पेशींतून घडवलेल्या) तयार केलेल्या पेशींचं पहिलं रोपण झालं. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत बदल दिसले आणि संशोधकांनी काम थांबवलं. मला हे थांबणं पहिल्या रोपणाइतकंच मोलाचं वाटतं.

उलटी फजितीही झाली आहे. मेसेन्कायमल पेशी डबीत आपोआप कर्करोगी होतात, असा 2005 चा एक गाजलेला निबंध 2010 मध्ये मागे घ्यावा लागला. त्या पेशी मुळात बाहेरून शिरलेल्या कर्करोगाच्या होत्या!

आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्तविकारांतलं मूळपेशी-रोपण हा मान्य उपचार, बाकीचं केवळ मान्यता घेतलेली चाचणी म्हणून, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. तरी गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल' विकणारी चकचकीत पत्रकं गावात येतात. त्यांवर पेशींची संख्या असते, कोटींत. पॅसेज कितवा, ते कुठेच नसतं.

म्हणून आजच्या सभेच्या दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. असं पत्रक घेऊन कुणी आलं, तर तालुक्यातल्या डॉक्टरने त्या केंद्राला लेखी विचारावं: पेशी कुणाच्या, कितव्या पॅसेजच्या, गुणसूत्रं कोणत्या पद्धतीने आणि केव्हा तपासली, चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता. उत्तर आलं नाही, तर तेही रुग्णाच्या कागदांवर लिहावं. सूचक मी आहेच. अनुमोदक म्हणून एखादा तरुण डॉक्टर पुढे यावा.