ताजच्या खिडकीला लागलेली शिडी



26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. टीव्हीच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. ताजच्या घुमटापाशी ज्वाळा दिसत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच धास्ती होती, की हल्लेखोरांची नावं आपल्यासारखी निघू नयेत. आत माणसं अडकलीत, हे मनात आलं ते नंतर. त्याची आजही लाज वाटते.

तेव्हापासून दरवर्षी या तारखेला कुणीतरी विचारतंच, ‘तुम्हा लोकांचं काय म्हणणं?’ माझं उत्तर पाठ झालंय. मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्या नऊ हल्लेखोरांना दफनाची जागा नाकारली. उत्तर खरं आहे, त्या निर्णयाचा अभिमानही आहे. पण ते देताना मी पुन्हा स्वतःबद्दलच बोलत असतो. आज आगीतून माणसं बाहेर काढणाऱ्यांबद्दल बोलतो.

ताजमध्ये त्या रात्री एका कंपनीची मेजवानी होती. व्यवस्था बघणारी मुलगी होती 24 वर्षांची. बाहेर गोळीबार सुरू झाल्यावर तिने दारं बंद करून घेतली, दिवे मालवले, पाहुण्यांना टेबलांखाली झोपवलं. रात्रभर कर्मचारी पाणी देत, विचारपूस करत राहिले. पहाटे आग लागली तेव्हा खिडकीशिवाय वाट उरली नाही. अग्निशमन दलाने त्यांना पाहिलं, शिडी लावली. आधी पाहुणे उतरले, मग कर्मचारी. त्या दालनातलं कुणीही दगावलं नाही.

टेलिफोन ऑपरेटर तर सुखरूप बाहेर पडले होते. ते परत आत गेले. खोल्याखोल्यांत फोन करून ‘बाहेर येऊ नका’ म्हणून सांगायला कुणीतरी हवं होतं! स्वयंपाकघरातल्या लोकांनी पाहुण्यांना आडोसा देत बाहेर काढलं, त्यात काहींनी जीव गमावला. सरव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावरच्या आगीत गेली. ते मात्र इतरांना वाचवण्याच्या कामात राहिले. ताजमध्ये 31 जण गेले, त्यांत डझनभर कर्मचारी. वाचलेल्यांची संख्या हजाराच्या वर होती.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्री बग दुरुस्त करतो, त्याला ‘फायर फायटिंग’ म्हणतो. मी तो शब्द सोडलाय.

एक जीव वाचवण्याबद्दलची सूरह माइदातली आयत आपल्या प्रत्येक पोस्टरवर असते, ती पुन्हा वाचून दाखवत नाही. एक साधी सूचना आहे. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांची आठवण म्हणून तो पाळतात. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. या वर्षी आपण जाऊ या. भाषण नको, बॅनर नको. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.