खाडा

बचत गटाच्या या कार्यक्रमात आज हिशेबाच्या वहीबद्दल बोलायचं होतं. पण वहीच्या आधी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण त्या वहीत आमच्याच हातून एक चूक झाली होती.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. मागच्या वर्षी आमच्या गटातली एक सदस्य सहा महिने बैठकीला आली नाही. सलग तीन खाडे झाले की नाव कमी करायचं, असा आमचा ठराव होता. आम्ही तिचं नाव काढलं. ती परत आली तेव्हा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी काय हौसेनं गेले होते का?"

त्या बैठकीला आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या आजी होत्या. त्यांनी तरुणपण लालबागच्या चाळीत काढलं. मालक गिरणीत साचेखात्यात, आणि आजी घरी खानावळ चालवायच्या. त्या म्हणाल्या, "पोरींनो, खाड्याचा हिशेब मुकादम करतो. तो आपण कशाला करायचा?"

मग आम्ही त्यांना बोलतं केलं आणि थोडं वाचनही केलं.

मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली १८५४ साली, आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती सुरू झाली. पुढे कोकण, सातारा, पुणे आणि आपल्या नगर जिल्ह्यातूनही माणसं तिथं गेली. सुरुवातीला काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, खिडक्या बंद. कापसाची बारीक धूळ नाकातोंडात जाऊन माणूस खोकून खोकून जायचा.

कामावर घ्यायचं की नाही हे ठरवायचा जॉबर, म्हणजे मुकादमच. बायकांच्या खात्यात असायची नायकीण. त्यांना दस्तुरी द्यावी लागे. आपल्याकडे उचल आहे, तिथं दस्तुरी होती, एवढाच फरक.

१९२० च्या सुमारास गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या जास्त असत. तान्हं मूल घरी ठेवून यायचं, तर ते रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. त्या काळच्या सरकारी चौकशीत एका डॉक्टरबाईंनी हे नोंदवून ठेवलंय. वाचताना आम्हाला उसाच्या फडात पाचटावर निजवलेली लेकरं आठवली. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा आला १९२९ साली.

रविवारची सुट्टीही कुणी आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी मुंबईत सभा घेतली, तिला दहा हजारांवर कामगार आले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, हजारो पुरुषांसमोर! १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज ग्रामसभेत उठून बोलायला आपल्याला घाम फुटतो, तेव्हा त्या दोघींची आठवण ठेवू या.

आता खानावळ. दहा बाय बाराची खोली. तिच्यात आजींचं कुटुंब, आणि जेवायला बारा गडी. तीन पाळ्या, म्हणजे चूल दिवसातून तीनदा पेटायची. पहाटे चारला नळावर नंबर. गिरणीचा पगार महिन्यानं व्हायचा, म्हणून जेवणाचे पैसेही महिन्यानं. तोवर वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडून कर्ज. जुन्या काळी गिरणगावात पठाण सावकार रुपयाला महिन्याला एक ते दोन आणे व्याज घेत. आपल्या भाषेत शेकडा सव्वासहा ते साडेबारा रुपये महिना! आपल्या गटात आपण दोन रुपये घेतो.

१९७४ च्या संपात गिरण्या बंद होत्या, तरी या बायकांनी कामगारांना उपाशी ठेवलं नाही. मंगळसूत्रं गहाण पडली. संप कामगारांचा, कर्ज मात्र खानावळवालीच्या डोक्यावर. हे बघून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदाचं कर्ज मिळालं. तारण नव्हतं, एकमेकींची हमी होती. नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली १९९२ साली. म्हणजे आपल्या गटाची रीत त्याआधी सतरा वर्षं लालबाग-परळच्या बायकांनी चालवून दाखवली होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि हजारो कुटुंबं गावी परतली. आजीही तेव्हाच आल्या.

आम्ही आजींना विचारलं, गडी चार महिने गावी शेतीला गेला तर तुम्ही काय करायचात? त्या म्हणाल्या, "वहीत त्याचं पान कोरं ठेवायचं. पान फाडलं तर माणूस परत कसा येईल?"

मैत्रिणींनो, आम्ही ठराव बदलला. ऊसतोडीला जाणारीचं नाव आता कमी होत नाही. तिची बचत परत आल्यावर, हप्त्याहप्त्यानं. जाण्याआधी तिनं मुकादमाकडून किती उचल घेतली, तेही आम्ही वहीत लिहून ठेवतो, म्हणजे फिटताना आकडा वाढला तर चार जणी विचारायला उभ्या राहतील. आणि जिचं नाव आम्ही काढलं होतं, तिची भर बैठकीत माफी मागितली. ती हसली नाही, पण सतरंजीवर येऊन बसली.

तुमच्या गटाच्या वहीतही असं एखादं फाडलेलं पान असेल. पुढच्या बैठकीत तेवढं बघा.