प्रबंध, प्रतिमा आणि प्रज्ञा
(ड्रोहेडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण आपल्या एका कन्येचा सत्कार करीत आहोत. तिने नुकताच पदव्युत्तर पदवीचा प्रबंध पूर्ण केला. विषय आहे सर्जनशीलता, तंत्रज्ञान आणि पर्सनल ब्रँडिंग, म्हणजे आपल्या नावाची जगात ओळख घडविण्याचे शास्त्र. आमचा पेशा वैद्यकाचा. या विषयाचे आम्ही अधिकारी नव्हेत. तथापि तो समजून घेताना आम्हांस असे आढळले की हा प्रश्न आपल्या समाजाच्या मर्माला भिडणारा आहे. म्हणून त्यावर दोन शब्द बोलण्याचे आम्ही मान्य केले.

इंग्रजीतील 'ब्रँड' या शब्दाचा जुना अर्थ डाग असा आहे. तापलेल्या लोखंडाने गुरे डागीत, म्हणजे ती कोणाच्या मालकीची हे कळे. पुढे हीच खूण व्यापाऱ्यांच्या मालावर आली. १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने 'फास्ट कंपनी' या मासिकात लेख लिहून नोकरदार माणसानेही स्वतःला ब्रँड समजावे असा उपदेश केला आणि 'पर्सनल ब्रँडिंग'चा बोलबाला झाला.

आपल्या पूर्वजांना मात्र डाग नवा नव्हता. पेशवाईत अस्पृश्यांस मनगटावर वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, आणि पुण्यात कमरेला झाडू व गळ्यात मडके अडकवून चालावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नमूद केले आहे. ती ओळख आपण घडविलेली नव्हती. ती दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेली होती. तेव्हा आपली मुले आज ओळख घडविण्याचे शास्त्र शिकतात, तेव्हा खरा प्रश्न असा असतो की ही खूण कोणी उमटवायची आणि तिचा अर्थ कोणी ठरवायचा.

या कन्येच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. अशा प्रबंधात संशोधकाने आपण कोण आहोत आणि कोणत्या भूमिकेतून पाहतो हे सांगावयाचे असते. तिचे सारे प्रकरण त्या दोन पानांपाशी अडले. आपण बौद्ध आहोत, आपले आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढले, हे लिहावे की नाही? घरात मतभेद झाले. वडिलांचे म्हणणे होते की प्रबंध विद्यापीठात कायमचा राहतो. उद्या एखादा भारतीय अधिकारी मुलाखतीपूर्वी तो वाचील, मग कशाला उगाच विषाची परीक्षा? आईचे म्हणणे होते की जे खरे आहे ते लिहिण्यात लाज कसली?

वडिलांच्या भीतीला भित्रेपणा म्हणू नका. रुग्णालयाच्या उपाहारगृहात नव्या सहकाऱ्याने आपले नाव विचारावे, मग आडनाव, मग गाव, मग "म्हणजे नेमके कोण?" असे विचारावे, हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांना आहे. आम्हांसही तो आलेला आहे. जात समुद्र ओलांडते हे आता परकीयांनीही ओळखले आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास कायद्याने बंदी केली, ती उगाच नव्हे.

अशा वेळी आपण बाबासाहेबांच्या प्रबंधांचा इतिहास आठवावा. त्यांच्या पदव्यांची नामावली आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. परंतु ते प्रबंध कसे पूर्ण झाले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते न्यूयॉर्कहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी हाती होती. त्यांनी जिवापाड जमविलेली पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. नंतर सिडनहॅम कॉलेजातील वेतनातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून देण्यास सांगितले. ब्रिटिश राजवटीच्या चलननीतीवरील त्यातील टीका परीक्षकांना झोंबली होती. पैसे संपल्याने बाबासाहेब मुंबईस आले, तेथे बसून त्यांनी फेरलेखन केले आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठविला. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पदवी मिळाली. ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद तेथेच उघडपणे नोंदविले, आणि तरीही प्रस्तावना लिहिली. ग्रंथ अर्पण केला आहे आईवडिलांच्या स्मृतीस. कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथा याहून लांब आहे. तो ग्रंथ छापून निघाला १९२५ साली आणि पदवी रीतसर मिळाली १९२७ साली. या सर्व वर्षांत मुंबईत रमाईंनी हालअपेष्टांत संसार सांभाळला, हे विसरून चालणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक विवेक शिका. मार्गदर्शक जेव्हा दोष दाखवितो, तेव्हा तो मांडणीचा आहे की निष्कर्षाचा, हे आधी वेगळे करा. मांडणी दहा वेळा बदला. तीत मानहानी नाही. निष्कर्ष मात्र पुराव्यावाचून बदलू नका.

आता तंत्रज्ञानाविषयी. आपल्या या ड्रोहेडा शहराशी एका शोधाचा संबंध आहे. जॉन फिलिप हॉलंड नावाचे शिक्षक येथील ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत शिकवीत असत. १८७३ मध्ये ते अमेरिकेस गेले, आणि त्यांच्या रचनेची पाणबुडी १९०० साली अमेरिकन नौदलाने विकत घेतली. बाबासाहेबांची पुस्तके बुडविणारी पाणबुडी हॉलंड यांची नव्हे. परंतु आधुनिक पाणबुडीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. एका शिक्षकाच्या सर्जनशीलतेतून वाढलेले यंत्र दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ग्रंथसंग्रहाच्या मुळावर येते. यंत्र स्वतः बरेवाईट जाणत नाही, ते जाणणे माणसाकडे राहते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी जगापुढे आले आणि आता यंत्र घटकेत पानेच्या पाने लिहून देते. मग प्रबंधासाठी दोन वर्षे कशाला झिजावे, असे मुले विचारतात. बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांनी १९१० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की खरा विचार अडचणीपासून सुरू होतो. काहीतरी अडल्याशिवाय मनुष्य विचार करीत नाही. या कन्येच्या त्या दोन पानांवर यंत्राने सुबक परिच्छेद दिला असता, पण ते अडणे यंत्राला ठाऊक नव्हते. अडचण तिची होती, म्हणून उत्तरही तिचेच असणे भाग होते. यंत्राचे साहाय्य नियमानुसार आणि सांगून अवश्य घ्यावे. निदान मात्र स्वतः करावे. क्ष-किरणांचे यंत्र कितीही उत्तम असले तरी रुग्णाशेजारी बसून त्याची हकीकत ऐकावीच लागते.

राहिला प्रश्न नावाचा. येथून जवळच न्यूग्रेंजची सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीची समाधी आहे. थंडीतील सर्वांत लहान दिवशी सूर्याचा पहिला किरण तिच्या गाभाऱ्यात शिरतो. एवढे कौशल्य असलेल्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आज उरलेले नाही. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात मात्र दाते आणि कारागीर कोरीव अक्षरांत भेटतात. तेथे धेनुकाकटचा एक गंधी आहे, यवन आहेत, आणि दार घडविणारा वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा सुतारही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सुताराने आपले नाव, पित्याचे नाव आणि आपले काम एवढेच सांगितले. त्याच्या नावाशेजारी त्याने केलेले दार आजही उभे आहे. नाव आणि काम यांचा असा मेळ असला, तर पर्सनल ब्रँडिंगला आमचा विरोध नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. 'केसरी'ने पैसे देऊ करूनही त्या पत्राची जाहिरात छापली नाही. तरीही पत्र निघाले, आणि त्यामागे कोण होते हे आज जग जाणते.

त्या कन्येने अखेर ती दोन पाने लिहिली. आजोबांच्या वस्तीचा उल्लेख ठेवला आणि आडनावही पूर्ण लिहिले. तो निर्णय तिचा होता. तिच्या जागी दुसऱ्या कोणी मौन पाळले असते, तर त्यालाही आम्ही दोष दिला नसता. आपली ओळख लपविण्याची सक्ती जशी अन्यायाची, तशीच ती मिरविण्याची सक्तीही अन्यायाचीच. मात्र भीतीपोटी प्रबंधच अर्धा टाकणे, ही हानी साऱ्या समाजाची आहे. तिच्या वडिलांनी छापील प्रत हाती घेतल्यावर प्रथम तेच पान उघडले आणि उभ्यानेच वाचून काढले, एवढेच येथे सांगतो.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांतून रात्रपाळ्या करून मुलांची शुल्के भरणाऱ्या परिचारिका-माता आहेत. त्यांची मुले शेवटच्या सत्रात पैशावाचून अडू नयेत म्हणून संघटनेने छोटा साहाय्यनिधी उभारावा. तसेच दरवर्षी या स्मरणिकेत पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा सारांश मराठीत एका पानात छापावा, म्हणजे नागपूर-औरंगाबादकडच्या आजीलाही कळेल की आपल्या नातीने नेमके काय शोधले. पहिले पान या कन्येचे असावे, अशी आमची सूचना आहे.

तिचे व तिच्या मातापित्यांचे हार्दिक अभिनंदन करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!